बेडूक, सरडे, साप बघायला शिकायचंय? सुरुवात घरामागच्या डबक्यापासून करा

जून लागला की प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मुलं हॉस्टेलच्या पायऱ्यांवर गाठून विचारतात, "ताई, आंबोलीला कधी न्याल?" मी त्यांना आधी हॉस्टेलच्या मागे नेते. तिथे भिंतीलगत एक गटार आहे, पुढे पावसाचं पाणी साचतं आणि कडेला घाणेरीची झुडपं आहेत. गेल्या तीन पावसाळ्यांत त्या एवढ्याशा जागेत मी सात जातींचे बेडूक, दोन प्रकारच्या सापसुरळ्या, आणि दिवड व कवड्या हे दोन बिनविषारी साप पाहिले. पहिल्या रात्री त्यातलं मला काहीच दिसलं नव्हतं. टॉर्च घेऊन अर्धा तास फिरले आणि "इथे काही नाही" म्हणून परत आले.

ते सगळं तिथेच होतं, मला बघता येत नव्हतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: पहिलं वर्ष लांब कुठे जाऊ नका. चालत दहा मिनिटांत पोचता येईल अशी एक ओली जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जात राहा. विहिरीचा काठ, भातखाचराचा बांध, सोसायटीच्या मागचं मोकळं मैदान, काहीही चालेल. मराठवाड्यात किंवा विदर्भात राहत असाल तरी अडत नाही. कोरड्या मुलखातले कित्येक बेडूक वर्षातला मोठा काळ जमिनीखाली काढतात. त्यांच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, त्याने ते माती मागे सारत खाली उतरतात आणि पहिल्या जोरदार पावसाला वर येतात. तो पहिला पाऊस चुकवलात तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघावी लागेल.

आधी पाळण्याचं बोलू

ज्याला हे प्राणी आवडतात त्याला ते जवळ ठेवावेसे वाटतात. मलाही वाटायचं. पाचवीत असताना न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेला झाडबेडूक मी लोणच्याच्या बरणीत ठेवला होता. झाकणाला भोकं पाडली, आत दोन माश्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला होता. बरणी खिडकीत होती आणि आत पाण्याचा थेंबही नव्हता. बेडूक नाकाने श्वास घेतो तसाच कातडीनेही घेतो आणि त्यासाठी कातडी ओली लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या पोटाची वाळलेली कातडी मला अजून आठवते.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्या. आपल्याकडचे साप, घोरपड, कासवं यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. २०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन याद्या नव्याने लावल्या गेल्या, तेव्हा "हा कुठे यादीत असतो" असा अंदाज बांधू नका. स्टार कासव घरी ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते आजोबांच्या वेळेपासून घरात असलं तरी. मांडूळ पकडून विकणाऱ्या टोळ्या दर काही महिन्यांनी पकडल्या जातात. त्याला दोन तोंडं नसतात आणि त्याच्यामुळे गुप्तधनही सापडत नाही, पण या समजुतीपायी हा गरीब साप शेतांतून उचलला जातो.

दुकानांत मिळणारी, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली छोटी कासवं अमेरिकेतली आहेत. विकत घेताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असतात, वाढून ताटलीएवढी होतात आणि कित्येक वर्षं जगतात. मग कंटाळलेली माणसं त्यांना गावच्या तळ्यात सोडतात आणि तिथल्या आपल्या कासवांच्या जागेवर, अन्नावर गदा येते. विदेशी सरडे किंवा साप घ्यायचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि दुकानदार ते सांगेलच असं नाही. माझं मत विचाराल तर विद्यार्थीदशेत हे करूच नका. हॉस्टेल बदलतं, परीक्षा येतात, सुट्टीत गावी जावं लागतं. प्राण्याचे हाल होतात.

त्यापेक्षा त्याला तुमच्याकडे यावंसं वाटेल अशी जागा करा. गावाकडे परसात चार-पाच हात लांबीचा खड्डा खणा. मध्ये गुडघ्याला पाणी लागेल एवढीच खोली ठेवा आणि एक बाजू उतरती करा, नाहीतर आत पडलेलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. तळाला जाड ताडपत्री, तिच्यावर माती आणि थोडा पालापाचोळा टाका. पावसाच्या पाण्याने भरू द्या. मासे सोडू नका, गप्पीसुद्धा नको, कारण मासे अंडी आणि बेडूकमासे, म्हणजे टॅडपोल, खाऊन टाकतात. बाहेरून अंडी आणून टाकायची गरज नसते. आमच्या परसातल्या खड्ड्यात दुसऱ्याच आठवड्यात भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या टोडच्या, अंड्यांच्या माळा दिसल्या. काळे मणी ओवलेल्या लांबलचक जेलीच्या दोऱ्या होत्या त्या. आजी म्हणाली, "ह्यांका कोणी सांगल्यान?"

शहरात डासांची आणि डेंग्यूची भीती खरी आहे, तिथे खड्डा नको. कुंडी फुटली असेल तर तिचा अर्धा भाग ओलसर कोपऱ्यात पालथा घाला आणि त्या कोपऱ्यात कीटकनाशक मारू नका. एखादा भेक तिथे वर्षानुवर्षं मुक्काम करतो.

सापांचं भान

हा भाग वाचल्याशिवाय रात्री बाहेर पडू नका.

महाराष्ट्रात माणसाला धोका असलेले मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. ही चार नावं पाठ करून भागत नाही. त्यांचे फोटो रोज बघा, दोन-तीन आठवडे बघा, सगळ्या बाजूंनी, पिल्लांचेही. पुण्याजवळ असाल तर कात्रजच्या सर्पोद्यानात काचेसमोर शांत उभे राहा. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत गोल ठसे असतात. मांडुळाचा भाऊबंद असलेल्या डुरक्या घोणसाच्या अंगावर वेडेवाकडे डाग असतात आणि शेपूट आखूड, बोथट असते. मण्यार आणि कवड्या यांत तर अनुभवी माणसंही चुकतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुतेक वेळा जोडीने असतात आणि शेपटीकडे जास्त ठळक होतात. पण प्रत्येक मण्यार पुस्तकाबरहुकूम वागत नाही. पट्टेवाला साप दिसला की तो मण्यार आहे असंच धरा आणि लांब राहा.

घाटात आणखी एक साप भेटतो, चापडा. हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांचा, तिकोनी डोक्याचा. पावसाळी रात्री झुडपावर किंवा ओढ्याकाठच्या दगडावर तो तासन्‌तास हलत नाही. म्हणून नवखी माणसं फोटोसाठी फार जवळ जातात. आपल्याकडचं प्रतिविष त्या चार सापांच्या विषापासून बनवलेलं असतं, चापड्याचं विष त्यात नसतं. हात टेकण्याआधी, फांदी बाजूला सारण्याआधी, दगडावर बसण्याआधी उजेड टाका.

कुठलाही साप हातात घेऊ नका. बिनविषारी असल्याची खात्री असली तरीही नाही. साप धरून काढलेले फोटो बघून पुष्कळ मुलांना सर्पमित्र व्हावंसं वाटतं. मी सातवीत असताना आमच्या तालुक्यातला एक सर्पमित्र नागाच्या दंशाने गेला. वीस वर्षांचा अनुभव होता त्याला. घरात साप निघाला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसांचे संपर्क असतात.

दंश झालाच तर १०८ला फोन करा. त्या माणसाला आडवं करा, हलू देऊ नका, अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा आणि थेट प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. दोरी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सापाला पकडून आणायला जाऊ नका. मण्यारीचा दंश कधी कधी दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत म्हणत उठतं. अशा वेळी खूण शोधत बसू नका, निघा.

आमच्याकडे कोकणात दिवे लागल्यावर "साप" म्हणत नाहीत, "जनावर" म्हणतात. रात्री कोणी "थयसर जनावर हा" (तिथे जनावर आहे) म्हणालं की पाय आपोआप थांबतात. गटात फिरताना असा एक थांबण्याचा शब्द तुम्हीही ठरवून घ्या.

रात्रीची तयारी

गमबूट घ्या. चपला घालून कोणी आलं तर मी त्याला परत पाठवते. पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू असू शकतात, पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. डोक्याला बांधायचा टॉर्च एक, हातात धरायचा एक, आणि जादा बॅटरी. जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचं पाणी मारायची पद्धत आहे, पण तो हात नंतर कशालाही लावू नका. डास पळवणारं मलमही तळहाताला नको, कारण ते बेडकाच्या कातडीतून आत जातं. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना बूट घासून धुवा आणि वाळू द्या. बेडकांचे कातडीचे रोग चिखलातून पसरतात.

एकट्याने जाऊ नका. चार जणांपेक्षा मोठा गटही नको. कुठे जाताय, किती वाजता परत येणार हे घरी सांगा आणि वेळ पाळा. मुलींना घरून परवानगी मिळवणं अवघड जातं, मलाही गेलं. पहिल्या वर्षी मी आईलाच बरोबर नेलं. तिसऱ्या रात्री तिनेच मला पानाखाली झोपलेला सरडा दाखवला.

अभयारण्यात आणि व्याघ्रप्रकल्पात परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, रात्री तर नाहीच. खासगी जागा असेल तर मालकाला विचारा. कोकणात बागेच्या मालकाला विचारलं की तो बहुतेक स्वतःच बरोबर येतो आणि तुम्हाला माहीत नसलेलं बरंच काही सांगतो.

बघायचं कसं

टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा. बेडकांचे डोळे उजेडात चमकतात, ते तुमच्या नजरेच्या रेषेतच परत दिसतात. गवतात शेकडो हिरवट ठिपके दिसले तर दचकू नका, ते कोळी असतात. सापाचे डोळे असे चमकत नाहीत, म्हणून साप शोधायचा तर आकार शोधावा लागतो. झोपलेला सरडा फांदीच्या टोकाला, पानाच्या देठाशी अंग लांब करून पडलेला असतो आणि टॉर्चच्या उजेडात फिकट, जवळपास पांढरा दिसतो. फांदी हलली की त्याला जाग यावी म्हणून तो टोकाला जाऊन झोपतो. तेव्हा ती हलवू नका.

दगड उलटायचा असेल तर पलीकडची कड धरून तो आपल्याकडे उचला. म्हणजे खालचा प्राणी तुमच्यापासून दूर पळतो आणि दगडाची ढाल मध्ये राहते. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवा. हे फार कमी जण करतात. दगडाखालचा ओलावा एकदा गेला की तिथलं सगळं जग जातं. याच दगडांखाली, सुपारीच्या बागेत किंवा शेणखताच्या कडेला नशीब असेल तर देवगांडूळ दिसेल. गांडुळासारखं दिसतं पण त्याला जबडा आणि दात असतात. बिनपायाचा उभयचर आहे तो, बेडकांचा नातेवाईक. काही जातींमध्ये मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. शेतात साप समजून लोक त्याला कुदळीने तोडतात. आमच्या गावात मी मोबाइलवरचा फोटो दाखवत घरोघरी फिरले, तेव्हा कुठे दोन-तीन काकांनी हात आवरला.

आणि कान वापरा. खरं तर डोळ्यांआधी कान. पहिल्या वर्षी मी दर रात्री पंधरा मिनिटं टॉर्च बंद करून नुसती बसायचे. आधी सगळा एकच गोंगाट वाटतो. मग त्यात थर दिसायला लागतात. भेकाची लांबलचक कुर्रर्र, भातखाचरातल्या छोट्या बेडकांची टरटर, कुठेतरी लाकडावर ठोकल्यासारखी टकटक. ही टकटक झुडपातल्या झाडबेडकाची असते. अंगठ्याच्या नखाएवढा, फार तर पेराएवढा प्राणी आणि आवाज ओढ्यापलीकडे जातो. तो शोधायला दोघं लागतात. दहा-बारा पावलांच्या अंतराने उभे राहा, दोघांनीही आवाजाकडे हात करा आणि हातांच्या रेषा जिथे मिळतात तिथे बघा. तो गप्प झाला तर उजेड बंद करून थांबा. या गटातले बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. त्यांच्या अंड्यातून शेपटीवाला बेडूकमासा निघत नाही, थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. साताऱ्याकडची अशीच एक जात २०१३मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिला पुण्याचे प्राणिशास्त्राचे अध्यापक डॉ. हेमंत घाटे यांचं नाव मिळालं. दिसायला सारखे वाटणारे बेडूक आवाजावरून वेगळे काढता येतात, म्हणून मोबाइलवर प्रत्येक आवाज निदान अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा.

एका प्राण्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ उजेड रोखू नका. जोडी जुळलेली असेल तर फ्लॅश अजिबात नको. फोटोसाठी प्राण्याला उचलून "चांगल्या" पानावर ठेवणाऱ्यांबरोबर मी दुसऱ्यांदा जात नाही.

वही

नाव शेवटी लिहा. आधी तारीख, वेळ, पाऊस होता की थांबला होता, जागा, जमिनीपासून उंची, प्राणी काय करत होता. मग चित्र. चित्र येत नसलं तरी काढा, कारण काढताना बोटांमधला पडदा, डोळ्यामागची पट्टी, पाठीवरच्या वळ्या बघाव्याच लागतात. फोटो वरून एक, बाजूने एक, पायाच्या बोटांचा एक. नंतर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तिथे जाणकार नाव सुचवतात. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ते संकेतस्थळ आपोआप झाकतं, पण तुम्हीही इन्स्टाग्रामवर जागा टाकू नका. मांडूळ आणि स्टार कासव पकडणारेही फोन वापरतात.

रस्त्यावर चिरडलेल्यांचीही नोंद करा. घाटातल्या रस्त्यांवर पहिल्या पावसाच्या रात्री बेडकांचा अक्षरशः सडा पडतो. गाडीखाली सापडू नये म्हणून रस्त्याच्या कडेने चाला, अंगावर चमकणारी पट्टी बांधा, फोटो घ्या, किलोमीटरचा दगड लिहा. गतिरोधक कुठे हवेत हे सांगायला पुढे अशाच नोंदी कामाला येतात.

मग आंबोली

एक पावसाळा असा गेला की चला. आंबोलीत वर्षाला साधारण ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्थानिक मार्गदर्शक घ्या, गावातल्या मुलांनी हे काम फार मेहनतीने उभं केलंय. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पांढऱ्या फेसाचं घरटं दिसलं तर ते उडत्या बेडकाचं. अंड्यांतून निघालेली पिल्लं फेस विरघळला की खालच्या पाण्यात टपटप पडतात. ओल्या कातळावर चिकटून सरपटणारे बेडूकमासे दिसतील, ते पाण्याबाहेरही जगतात. आणि कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, बशीएवढ्या उथळ डबक्यांत आंबोली भेकाची अंडी असतात. २००९मध्ये जगाला ओळख झालेली ही जात अतिसंकटग्रस्त आहे. ती डबकी इतकी उथळ असतात की लोक त्यातून सहज चालत जातात. सड्यावर उंचवट्याच्या दगडावरूनच पाय टाका आणि मागच्यालाही तसंच चालायला लावा.

पुढच्या एप्रिलमध्ये, सगळं सुकलेलं असताना, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जा. तिथल्या सरड्यांच्या प्रजातीचं (जीनसचं) शास्त्रीय नाव आपल्याच शब्दावरून ठेवलंय: सरडा. २०१६मध्ये वेगळ्या ओळखल्या गेलेल्या या जातीचा नर दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतो, निळा, काळा, नारिंगी. पठारावर पवनचक्क्या आल्यावर शिकारी पक्षी कमी झाले आणि हे सरडे वाढले, माणसाला कमी घाबरू लागले, असं तिथल्या अभ्यासात दिसलं आहे. तरीही दहा-बारा पावलांवर बसूनच बघा. सकाळी नऊच्या आत पोचा, दुर्बीण घ्या, टोपी घ्या आणि पाण्याची एक बाटली जास्तीची. पठारावर सावली नाही.